हिंदीच्या विटांचा कट्टा

विकास नगर, लखनऊ
२० ऑक्टोबर २०१३

चारुलताकाकू,

नमस्कार. फोनवर तुमचं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि अर्धं बोलणं हवेत जातं, म्हणून आई म्हणाली, पत्र लिही. मी मराठीत शेवटचं पत्र तुमच्याच रविवारच्या क्लासमध्ये लिहिलं होतं. त्यात आजोबांना 'आप' लिहिलं होतं. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

बातमी अशी की मला नोकरी लागली, आणि कुठे, तर आपल्याच चौकात. इथे फ्लायओव्हर होतोय, काकू. मी ट्रेनी इंजिनियर. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात दीड किलोचे बूट, आणि दिवसभर इतकी धूल की घरी आल्यावर आई मला दारातच झटकते. बाबा संस्थेत सगळ्यांना सांगत फिरतात की आयुष्यभर मायक्रोस्कोपमधून बघणाऱ्याच्या घरात एवढी मोठी वस्तू बनवणारी मुलगी निघाली.

पिलरचे खड्डे खणून झालेत. क्रेन बघायला लोक स्कूटर थांबवतात आणि जाम लागतो. सब्जी मंडीवाले म्हणतात, धंदा बुडाला. पण पूल झाला की चौकातून स्टेशन म्हणजे यूँ जाल.

परवा खड्ड्यातल्या पायावर पाणी मारत होते तेव्हा ओल्या सिमेंटचा वास आला आणि मी एकदम आठ वर्षांची झाले. आपली कॉलनी अर्धी बांधलेली होती ना तेव्हा? जिथे बघावं तिथे वाळूचे ढिगारे, आणि आम्ही त्यावरून घसरायचो. मला वाटतं मी सिव्हिल घेतलं ते त्या वासामुळे. इंटरव्ह्यूत असं सांगता येत नाही.

सातारा कसं आहे? आशिषदादाला नमस्ते.

तुमची,
रुचा

---

सातारा
१० नोव्हेंबर २०१३

रुचा,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. पत्र दिवाळीच्या फराळात आलं, त्यामुळे त्यावर चकलीचं तेल आहे. दोनदा वाचलं.

इंग्रजी शब्द सोडून देते, तुमच्या शाळेची फी वाया जायला नको. पण 'धूल', 'सब्जी मंडी', 'जाम', 'यूँ', 'नमस्ते'? चल, विटा आण. नियम विसरलीस की काय? क्लासमध्ये हिंदीत उत्तर दिलं की बाजपेयींच्या बांधकामाच्या ढिगातून एक अद्धा, अर्धी तुटकी वीट, उचलून पार्काच्या भिंतीशी ठेवायचा. बाजपेयीजी बिचारे म्हणायचे, "भाभीजी, टूटी वाली सब ले जाइए।" वर्षभरात एवढा ढीग झाला की त्यांच्याच मिस्त्रीने त्याचा कट्टा बांधून दिला. त्यात निम्म्या विटा तुझ्या असतील. 'लेकिन' हा शब्द तुझ्या तोंडून काही जाईना.

इथे साताऱ्यात सगळे मराठीच बोलतात. एक वीट मिळत नाही.

आता माझं ऐक. मी फेब्रुवारीत येतेय. आशिष नको म्हणतो, गुडघ्यांचं निमित्त करतो, पण तुझ्या आईला, हेमाला, मी कळवलंय. मला इमामबाडा बघायचा नाही की चिकनच्या साड्या घ्यायच्या नाहीत. मला कट्ट्यावर बसून चहा प्यायचाय. काका संस्थेच्या बसमधून उतरले की आधी तिथे बसायचे. बूट काढायचे, पाय चोळायचे. मी चहा तिथेच न्यायची. घरात आल्यावर ते कुणाचे तरी साहेब किंवा कुणाचे तरी बाबा असायचे. कट्ट्यावर नुसते चंद्रशेखर. आठ वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि घर विकल्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तो कट्टा मधूनच आठवतो.

अजून तिथे कुणी बसतं का गं?

काकू

---

विकास नगर, लखनऊ
१ डिसेंबर २०१३

काकू,

उशीर झाला, सॉरी. काम खूप आहे. पहिल्या पिलरचं काँक्रीट झालं. ट्रकवाल्यांशी भांडून माझा आवाज बसलाय.

फेब्रुवारीत नका येऊ. खरंच. धुकं असतं, गाड्या दहा-दहा तास लेट होतात, आणि इकडे सगळीकडे खोदलेलं आहे, तुमच्या गुडघ्यांना चालवणार नाही. पूल झाल्यावर या ना, दीड-दोन वर्षांत. मी स्वतः तुम्हाला पुलावरून घेऊन जाईन. वरून सगळी कॉलनी दिसेल.

कट्ट्यावर बसतात लोक. सकाळी कामवाल्या बायका टेम्पोची, त्या सहा सीटवाल्या रिक्षाची, वाट बघत बसतात.

आईबाबा मजेत.

रुचा

---

सातारा
१२ डिसेंबर २०१३

रुचा,

तुझं पत्र आखूड आलं. मी शाळेच्या वह्या तपासत तीस वर्षं काढलीत, मूल कुठे थांबलंय ते मला कळतं.

हेमाला माझं येणं नकोसं असेल तर तिने सरळ सांगावं. एवढ्याएवढ्याशा कारणाने आमचं दोघींचं हळदीकुंकवावरून एकदा वाजलं होतं, ते ती विसरली नसेल तर मीही नाही. पण मी तिच्याकडे राहायला नाही, तर कट्ट्यावर बसायला येतेय. राहायला धर्मशाळा आहेत लखनऊमध्ये.

आणि धुक्याचं मला सांगू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी ते धुकं खाल्लंय. दीड-दोन वर्षांनी या म्हणतेस, माझं वय काय, गुडघे काय. वरून कॉलनी बघायला मी काय घार आहे?

काकू

---

विकास नगर, लखनऊ
२१ डिसेंबर २०१३

काकू,

आई पत्र वाचून रडली आणि मग मला ओरडली. तिने तुमच्यासाठी आतली खोली कधीच रिकामी केलीय. तिला काहीच माहीत नव्हतं. सांगते.

कट्टा तुटणार आहे.

पुलाच्या बाजूने एक छोटा रस्ता जातो, आणि त्याच्या कडेने पाण्याची नाली. ती बरोबर पार्काच्या भिंतीला लागून. नकाशावर रेघ आहे, आणि जमिनीवर ती रेघ आखायचं काम माझं. चुना टाकत टाकत मी आले आणि माझी रेघ कट्ट्यावर चढली. माझ्याच हातातलं डबडं. सोबतचा मेट, म्हणजे मजुरांचा मुकादम, मिश्रीलाल, म्हणाला, "रुक काहे गईं मैडम?"

मी सरांकडे गेले. म्हटलं, नाली इथे थोडी वळवता येईल का? ते म्हणाले, "कारण बताओ।" मी म्हटलं, सर, हमने बचपन में बनाया था. ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, "बेटा, सबने बचपन में कुछ न कुछ बनाया होता है।"

झाड असतं तर परवानगी लागते. दुकान असतं तर भरपाई. मंदिर, मज़ार असेल तर कुणी हातच लावत नाही, पुढच्या चौकात रस्ता पिंपळाला वळसा घालूनच गेलाय. कट्टा म्हणजे काहीच नाही, काकू. सरकारी भाषेत त्याला शब्दच नाही.

मिश्रीलाल काय म्हणाला माहितीय? "एक ईंट पर सिंदूर लगा दीजिए मैडम, फिर देखते हैं कौन माई का लाल छूता है।" मी हसले. पण रात्री जेवताना पण तेच डोक्यात.

रागावू नका. तुम्हाला यायला नको म्हटलं ते याच्यामुळे. तुम्ही याल आणि तिथे खड्डा असेल, हे मला बघवलं नसतं.

रुचा

---

सातारा
२ जानेवारी २०१४

रुचा,

हेमाला सांग, मी वेडी आहे, तिने माझ्या वेडेपणाकडे बघू नये. तिला वेगळं लिहितेच आहे.

कट्ट्याचं वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. दोन दिवस पोह्यांत मीठच पडलं नाही, आशिष न बोलता खात होता. मग एक आठवलं. आम्ही प्लॉट बघायला पहिल्यांदा आलो तेव्हा तिथे आमराई होती. निम्मी झाडं पाडलेली, निम्मी उभी. एक म्हातारा पाडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसून कैऱ्या विकत होता. काकांनी विचारलं, बाग कुणाची? तो म्हणाला, "अब तो आप ही की है बाबूजी।" आम्ही कैऱ्या घेऊन घरी आलो आणि लोणचं घातलं. त्याचं पुढे काय झालं, कुणी विचारलं?

तेव्हा तुला नोकरी सोडून सत्याग्रह कर असं मी सांगणार नाही. फक्त फेब्रुवारीपर्यंत तो उभा राहील असं काही करता आलं तर बघ. मग काय व्हायचं ते होऊ दे. चौदा तारखेला पोहोचते.

शेंदराचं वाचून पोट धरून हसले. तो मिश्रीलाल भेटवच मला.

काकू

---

विकास नगर, लखनऊ
२५ जानेवारी २०१४

काकू,

तुम्ही लिहिलं होतं 'बघ'. म्हणून मी बघितलं. आता सांगते ते बसून वाचा.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतकं धुकं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. आईच्या करंड्यातलं कुंकू घेऊन गेले आणि कोपऱ्यातली सुटी झालेली एक वीट उभी करून तिला लावलं. मिश्रीलाल आला, बघितलं आणि म्हणाला, "मैडम, ये सिंदूर है? ई तो होली खेली लग रही है।" आपलं कुंकू लालबुंद, गुलालासारखं, अशा देवाला लागतो नारिंगी शेंदूर. मला कुठे माहीत? मग तोच जाऊन चमेलीच्या तेलातला शेंदूर घेऊन आला आणि असा लावला की वीट खरंच कुणीतरी वाटायला लागली. मी पण नकळत हात जोडले. स्वतःच केलेल्या देवीला, काकू.

दोन दिवसांनी सर राउंडला आले. थांबले. बूट काढले, नमस्कार केला आणि म्हणाले, "नाली मोड़ दो।"

एवढंच. एका शब्दात झालं. मी घरी येऊन आईला उचलून फिरवलं.

पण आता ऐका. आठवड्यात तिथे झेंडूची माळ आली. मग लाल चुनरी. मग कुणीतरी कट्ट्यावर चार टाइल्स बसवल्या. आता तिचं नाव आहे, ईंटहिया मइया. कुणाच्या तरी मुलाचा ताप उतरला म्हणे. एक बाबाजी सकाळपासून स्टीलची थाळी घेऊन असतात आणि कुणी टेकलं की खेकसतात.

टेम्पोची वाट बघणाऱ्या बायका आता उभ्या असतात. त्यांच्यात एक सियादुलारी आहे, पाच घरी स्वयंपाक करते, पायांना सूज असते. तिला मी म्हटलं, बैठिए ना. तिने कानाला हात लावले. "मइया के ऊपर बैठें? नरक में जाएँगे दीदी।" मी सांगितलं की अहो, ती मीच ठेवलीय. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की जणू मी देवीची आई आहे. मग माझ्याच पाया पडली.

मी कट्टा वाचवला आणि त्यावर कुणालाच बसता येत नाही. तुम्हालाही येणार नाही. मी वीट काढली तर लोक मला मारतील, आणि बरोबरच करतील.

आणि मला दहा तारखेपासून ट्रेनिंगला दिल्लीला पाठवताहेत, बावीसला परत. बरोबर तुम्ही असाल तेव्हाच. स्टेशनवर बाबा येतील. दिल्लीचा पत्ता मागे लिहिलाय.

मला सांगा मी काय करू.

रुचा

---

विकास नगर, लखनऊ
१७ फेब्रुवारी २०१४

रुचा,

तुझ्या टेबलावर बसून लिहितेय. हेमा मागे उभी राहून वाचतेय आणि वाचत नसल्यासारखं करतेय.

विनयभावजी घ्यायला आले होते. चारबाग स्टेशन अजून तसंच दिमाखात उभं आहे, बरं वाटलं. घराकडे येताना मात्र मी चौक ओळखलाच नाही. तुझे पिलर बघितले. खोटं नाही सांगत, छाती दडपली. एवढं मोठं काही आपल्या हिंदीत उत्तर देणाऱ्या पोरीने उभं करावं? विनयभावजींनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "हा तिचा." प्रत्येक पिलरला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर गेले. तुझी देवी बघितली. आधी हसूच आलं, मग तुझी सियादुलारी दिसली. पिशवी डोक्यावर, एक पाय उचलून दुसऱ्यावर भार, बगळ्यासारखी. टेम्पो येईना. पाठीमागे एवढा लांब कट्टा, आणि ही उभी. काका असते तर म्हणाले असते, चारुलता, ही वीट कुठल्या शब्दाची गं?

मी घरी आले आणि हेमाला म्हटलं, आपण गणपतीला काय करतो? दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस. मग उत्तरपूजा करतो, अक्षता वाहतो, जागेवरून जरासा हलवतो, आणि देव आपल्या घरी जातो. आपल्याला आणायचं कळतं तसं पोचवायचंही कळतं. मग हिला का नाही?

बायकांना तसंच सांगितलं. माझ्या हिंदीत. "देखो, हमारे में देवी पाहुनी आती है। पाहुनी को कितने दिन धूप में बिठाके रखने का?" बाबाजी म्हणाले, "माताजी, पाप लगेगा।" मी म्हटलं, "आप ही आरती करो ना महाराज, हम औरतों को कहाँ आता है।" ते खूष. आवाज चांगला आहे त्यांचा. दक्षिणा दिली, नारळ त्यांनाच दिला, थाळी त्यांची त्यांना.

खरा प्रश्न सियादुलारीचा होता. ती म्हणाली, "अम्मा, हमरे नाती का बुखार इन्हीं ने उतारा।" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्यापुढे काय मोठी? म्हटलं, "तो बिदाई तू कर। तेरी है।" तिनेच अक्षता टाकल्या, तिनेच वीट हलवली.

गोमतीवर रिक्षाने गेलो, वीट तिच्या मांडीवर, चुनरीत गुंडाळलेली. तिनेच ती पाण्यात सोडली. हेमाने शिदोरीला दहीपोहे दिले होते. डबा उघडला तर सियादुलारी म्हणते, "अरे, ई तो दही-चूरा है, अम्मा। हमरे यहाँ खिचड़ी के दिन यही खाते हैं।" खिचडी म्हणजे त्यांची संक्रांत. मग काय, घाटावर बसून तिने मला गावाकडचं सगळं सांगितलं, ऐकू आलं तेवढं मी ऐकलं. तिचं शेत हायवेत गेलं, म्हणून ती लखनऊला आली. रागाने नाही सांगत होती. "सड़क बढ़िया बनी है," म्हणाली.

काल संध्याकाळी चहा घेऊन कट्ट्यावर गेले. हेमापण आली. टाइल्स थंड लागतात, आपल्या विटा बऱ्या होत्या. बूट काढले, पाय चोळले. क्रेनचा आवाज मशीन काढून ठेवल्यामुळे येत नव्हता. दोन बायका पलीकडे बसल्या होत्या, मधल्या जागेत त्यांच्या पिशव्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. हेमा म्हणाली, चारुलता, चहा निवतोय. निवू दे म्हटलं.

आता तुझी नाली सरळ कर. हेमाने विनयभावजींना विचारलं, ते म्हणाले वळणावर पाणी तुंबतं. पुढच्या पावसात तुंबलेलं पाणी त्या बायकांनाच तुडवायला लागणार. माझं बसून झालं. तू माझ्यासाठी आता काही वाचवू नकोस.

वीसला निघते. तुझी भेट नाही, याची रुखरुख आहे. पण लिहिणं झालं.

काकू

---

विकास नगर, लखनऊ
९ मार्च २०१४

काकू,

तुम्ही गेल्यावर दोन दिवसांनी आले. आतल्या खोलीत तुमच्या तेलाचा वास होता, आईने उशीचा अभ्रा अजून धुतलेला नाही.

सरांना सांगितलं, नाली सरळ करायची आहे. म्हणाले, "और मइया?" मी म्हटलं, मायके गईं. त्यांनी सही केली. मग मी दुसरा कागद पुढे केला. चौकात टेम्पोसाठी थांबायला शेड आणि बसायला बाक हवा, नकाशात कुठेच नव्हता. ते म्हणाले, कारण? या वेळी मी बचपनचं काही बोलले नाही. म्हटलं, रोज सकाळी इथे वीस-तीस बायका असतात, सर, आणि त्या पुलावरून जात नाहीत, पुलाखालून जातात. म्हणाले, "देखते हैं।" ते काय बघतात ते मी रोज जाऊन बघणार आहे.

काल कट्ट्याची पाळी होती. जेसीबी सकाळीच आला. मुद्दाम मीच गेले, मिश्रीलाल नको म्हणत होता. कट्ट्यावर सियादुलारी आणि बाकीच्या बसल्या होत्या. मटार सोलत होत्या, कुणाच्या तरी सुनेची चेष्टा चालली होती. मला बघून सियादुलारीने सरकून जागा केली. "बैठो दीदी, अम्मा की चिट्ठी आई?"

मी हेल्मेट काढून बसले. जेसीबीवाल्याने इंजिन चालू ठेवलं होतं, मी हाताने खूण केली, त्याने बंद केलं. त्याला वाटलं असेल मॅडम फोन करताहेत. चौकात जाम होता, टेम्पो येता येत नव्हता. मिश्रीलालने घड्याळ दाखवलं. मी दुसरीकडे बघितलं. कुणीतरी माझ्या हातात मटार दिले आणि मी सोलले.

मग टेम्पो आला. त्या उठल्या, पदर झटकले, पिशव्या उचलल्या, एकमेकींना आत ढकलत बसल्या. सियादुलारी सगळ्यांत शेवटी. टेम्पो वळून दिसेनासा झाला.

मग मी हेल्मेट घातलं, बाजूला झाले आणि हात वर केला.

रुचा